मागच्या खिशातला रुमाल

कोल्हापूर, मंगळवार पेठ

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू आईला लॉस एंजेलिसमधली नवी खोली दाखवत होतास. फ्रिज उघडायला वळलास तेव्हा जीन्सच्या डाव्या मागच्या खिशातून निळा रुमाल लोंबताना दिसला. आईनं फ्रिजमधलं दही बघितलं, मी रुमाल बघितला. तिच्यासमोर बोललो नाही, उगाच घोर लागला असता तिला. आणि फोनवर सांगितलं की तू "बाबा, ते तुमच्या काळातलं" म्हणून उडवून लावणार. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर विचार.

रुमाल देखणा आहे, त्यात वाद नाही. बँडाना हा शब्दच आपल्या बांधणीवरून तिकडे गेला, आणि त्यावरची नक्षी म्हणजे आजीच्या शालूवरची कोयरी. पण लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात निळा रंग आणि डावा खिसा एकत्र आले की त्याचं वाचन होतं 'क्रिप'. उजव्या खिशात लाल असता तर 'ब्लड'. ही तिथल्या दोन वैरी टोळ्यांची नावं.

हे मला कसं कळलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. 1991 चा ऑक्टोबर. मी तिकडे जाऊन दोन महिने झालेले. व्हर्माँट अव्हेन्यूवर नाण्यांची लॉन्ड्री होती, शनिवारी तिथं कपडे न्यायचो. त्या दिवशी डोक्याला आजीनं दिलेला लाल रुमाल बांधला होता, जोतिबाला जाताना बांधतो तसा. दारात सोळा-सतरा वर्षांची दोन पोरं आली नि म्हणाली, "व्हेअर यू फ्रॉम?" मी खुशीत सांगितलं, "इंडिया. कोल्हापूर." आपल्याकडं "कुठलं पाव्हणं?" असं कुणी विचारलं की मागोमाग चहा येतो. तिथं हा प्रश्न गावाचा नसतो, टोळीचा असतो, आणि त्याला चुकीचं उत्तर देऊन माणसं मेलेली आहेत. दोघं माझ्याकडं बघत राहिले, मग एकाला हसू फुटलं आणि ते निघून गेले.

शेजारी एक म्हातारे कृष्णवर्णीय गृहस्थ चादरींच्या घड्या घालत होते. ते उठले, माझ्या डोक्याचा रुमाल स्वतःच्या हातानं सोडला, चौपदरी घडी केली आणि माझ्या पिशवीच्या अगदी तळाशी, ओल्या कपड्यांखाली सारला. "ह्या रस्त्यावर नको, बाळ," एवढंच म्हणाले. कपडे वाळेपर्यंत मग बोलत बसले. पुढं दोन वर्षं बहुतेक शनिवारी भेटायचे. त्यांच्याकडून ऐकलं ते आणि नंतर वाचलं ते, असं मिळून लिहितोय.

तुला तालमी माहीत आहेत, पेठेपेठेची ईर्ष्या माहीत आहे. तिथंही सुरुवात गल्लीच्या पोरांनीच झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी लॉस एंजेलिसला आली. घराच्या खरेदीखतातच अट असायची की हे घर गोऱ्याशिवाय कुणाला विकायचं नाही. अशा अटी कोर्टात टिकणार नाहीत, असं 1948 साली सुप्रीम कोर्टानं ठरवलं, पण अलामिडा स्ट्रीट ओलांडून पलीकडं गेलेल्या पोराला गोरी पोरं गाठून मारायचीच. मग ह्यांनीही रस्त्यांच्या नावाचे क्लब काढले. स्लॉसन नावाचा असाच एक मोठा क्लब होता. 1965 च्या ऑगस्टमध्ये शहराच्या दक्षिणेतलं वॉट्स दंगलीत पेटलं, 34 माणसं गेली. त्यानंतर ह्याच क्लबांतली बरीच पोरं कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीकडं वळली. स्लॉसनचाच बंची कार्टर तिथं त्या चळवळीतल्या ब्लॅक पँथर पक्षाचा पुढारी झाला. 1969 च्या जानेवारीत यूसीएलए विद्यापीठाच्या आवारात त्याचा गोळ्या घालून खून झाला. एफबीआय तर त्या चळवळीच्या हात धुऊन मागं लागलीच होती. बघता बघता वस्तीतली मोठी, जाणती पोरं मेली, तुरुंगात गेली किंवा पांगली. मागं उरली पंधरा वर्षांची.

त्यातलाच एक रेमंड वॉशिंग्टन. त्याच वर्षी त्यानं पूर्वेकडच्या भागात टोळी जमवली. पोरं इतकी लहान की नाव पडलं 'क्रिब्ज'. क्रिब म्हणजे पाळणा! क्रिब्जचं क्रिप्स कसं झालं ह्याच्या तीन-चार कहाण्या आहेत. कुणी म्हणतं उच्चार बिघडला, कुणी म्हणतं ती पोरं ऐटीत काठ्या घेऊन लंगडत चालायची म्हणून. क्रांतीबिंतीचं लांबलचक नाव होतं आणि हे त्याचं लघुरूप, असंही सांगतात. ती मागाहून लावलेली झालर, माझा तरी विश्वास नाही. 1971 मध्ये पश्चिमेकडचा स्टॅन्ली विल्यम्स, ज्याला सगळे टूकी म्हणत, त्याला येऊन मिळाला. क्रिप्सचा जाच होऊ लागला तसे शेजारच्या कॉम्प्टन गावातल्या पिरू स्ट्रीटची पोरं आणि आणखी काही छोट्या टोळ्या 1972 च्या सुमाराला एकत्र आल्या. तेच ब्लड्स.

रंग कुठून आले? शाळांच्या रंगांवरून, मेलेल्या दोस्ताच्या रुमालावरून, जो तो आपलं सांगतो. पण एकदा रंग ठरला की त्याभोवती सोवळ्याओवळ्याला लाजवेल असं कर्मकांड उभं राहिलं. क्रिप एकमेकांना 'कझ' म्हणतात, म्हणजे चुलतभाऊ. आपलं कोल्हापुरी 'भावा' म्हण ना! भिंतीवर लिहिताना 'बी' अक्षरावर काट मारायची. 'सी' आणि 'के' शेजारी आले तर त्याचा अर्थ 'क्रिप किलर', म्हणून 'बॅक' लिहायचं झालं तरी 'के' गाळून दोन 'सी' लिहायचे. ब्रिटिश नाइट्स कंपनीचे बूट का चालले? तर आद्याक्षरं बी-के, म्हणजे 'ब्लड किलर'. कंपनीच्या मालकाच्या स्वप्नातही नसेल हे. बेसबॉलच्या टोप्यांचंही तसंच, ह्यूस्टनच्या टोपीवरचं 'एच' हूव्हर स्ट्रीटच्या पोरांनी आपलं करून टाकलं. वॉट्समधले ग्रेप स्ट्रीटचे क्रिप तर जांभळा वापरतात, का ते नावातच आलं. म्हणजे नुसता निळा टाळला की सुटलो, असंही नाही.

आणि क्रिप्स ही एक टोळी नव्हे. ना एक म्होरक्या, ना एक गादी. रस्त्यागणिक वेगळा गट, आणि 1979 पासून रोलिंग सिक्स्टीज आणि एट ट्रे ह्या दोन्ही क्रिपच असलेल्या गटांनी एकमेकांची जेवढी माणसं मारली तेवढी भल्याभल्या वैऱ्यांनी मारली नसतील. रेमंड त्याच वर्षी 25 वर्षांचा असताना गोळी लागून मेला.

आपल्या तालमींच्या फुटबॉल मॅचला बाटल्या फेकतात, डोकी फुटतात, आणि संध्याकाळी त्याच पोरांची मिसळीच्या गाड्यावर गाठ पडते. तिकडं पिस्तूल आलं. त्यात साउथ गेटचा फायरस्टोनचा टायर कारखाना 1980 ला बंद पडला आणि जनरल मोटर्सचा 1982 ला. ते म्हातारे गृहस्थ फायरस्टोनमध्येच होते. बापाची नोकरी गेली आणि मागोमाग क्रॅक कोकेन आलं. तिथून हे लोण डेन्व्हर, ओमाहा अशा लांबच्या शहरांपर्यंत पोहोचलं. धंद्यासाठी गेले ते गेलेच, पण पुष्कळ ठिकाणी आयांनी पोरगं वाचावं म्हणून मावशीकडं, आजीकडं धाडलं आणि पोरानं रुमाल सोबत नेला.

तू म्हणशील, रॅपर स्नूप डॉग 2022 च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, सगळ्या जगासमोर निळ्या बँडानाच्या नक्षीचे कपडे घालून नाचला. नाचला. तो लाँग बीचचा, तो रुमाल त्याच्या गल्लीचा आहे. तू मंगळवार पेठेचा.

मला टोळीवाल्यांची काळजी निम्मीच आहे. तुझ्याकडं बघून तेही बहुधा हसतील. उरलेली निम्मी पोलिसांची. 1988 च्या एप्रिलमध्ये तिथल्या पोलिसांनी एका शनिवार-रविवारी चौदाशेहून जास्त लोक उचलले होते, त्यातले बरेचसे नुसत्या संशयावर. पुढं कॅलगँग नावाची संगणकी यादी आली. कपडे, हातवारे, कुणाबरोबर उभा होतास, असल्या खुणांवरून नाव चढतं. 2016 साली कॅलिफोर्नियाच्या ऑडिटरनं ती तपासली तर त्यात 42 जण असे निघाले की नाव चढवलं तेव्हा त्यांचं वय वर्षाच्या आत होतं. त्यांतल्या 28 जणांनी म्हणे टोळीत असल्याची स्वतः कबुली दिली होती. पाळण्यातल्या पोरांनी! तू व्हिसावर आहेस, ह्यापुढं काही लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांसमोरची. 1992 च्या एप्रिलअखेर वॉट्समधल्या चार सरकारी वसाहतींतल्या क्रिप्स आणि ब्लड्सनी तह केला. मसुदा कशावरून घेतला माहीत आहे? 1949 च्या इस्रायल-इजिप्त युद्धबंदीच्या करारावरून. लगेच 29 तारखेला रॉडनी किंग ह्या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण केल्याच्या खटल्यात पोलीस सुटले आणि शहर पेटलं. आम्ही चौघं विद्यार्थी खोलीत दिवे घालवून बसलो होतो, डोक्यावर रात्रभर हेलिकॉप्टर. पुढच्या आठवड्यात लॉन्ड्रीच्या टीव्हीवर दाखवलं, पोरांनी लाल आणि निळ्या रुमालाची गाठ मारली होती. म्हातारबुवा पडद्याजवळ जाऊन उभे राहिले, ड्रायर थांबला तरी हलले नाहीत. आपल्याकडं लग्नात उपरण्याला शेला बांधतात, असं मी त्यांना सांगितलं. "मग टिकतं का?" त्यांनी विचारलं. वॉट्समध्ये ते काही वर्षं बरंचसं टिकलं.

टूकीला 2005 च्या डिसेंबरात सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात मृत्युदंड दिला. चार खुनांसाठी. ते आपण केले नाहीत असंच तो शेवटपर्यंत म्हणत होता. तुरुंगातून त्यानं टोळ्यांपासून लांब राहा म्हणून लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिली. शिक्षा कमी करायला नकार देणारा गव्हर्नर म्हणजे आपला अर्नोल्ड श्वार्झनेगर. तुला त्याचे सिनेमे दाखवताना हे काही मी सांगितलं नव्हतं.

तर रुमाल सायकलची चेन पुसायला घे, नाहीतर आईनं पाठवलेल्या चटणीच्या बरणीला बांध, झाकण ढिलं आहे तिचं. आणि दिवसाउजेडी व्हर्माँटवर गेलास तर ती लॉन्ड्री अजून आहे का बघ, शेजारी डोनटचं दुकान होतं. माझा लाल रुमाल इथं आहे. आईनं त्यात हळकुंडं बांधून ठेवलीत.

तुझा,
बाबा