सिकलसेलच्या मुलांच्या अभ्यासाकडेही बघा

संपादक साहेब,
सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची बातमी म्हणजे रक्ततपासणी, तपासणीचा निकाल दाखवणाऱ्या कार्डांचं वाटप, लग्नाआधी कार्ड बघा, एवढंच असतं. पण आमच्या गडचिरोलीकडे वर्गात बसलेल्या या मुलांचं काय होतं ते कुणी लिहीतच नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी फळ्यावरचं गणित अर्धं उतरवते आणि पेन्सिल तशीच धरून बसते, पुढे काय करायचं तेच विसरते. घरचे म्हणतात आळशी आहे. अहो, या आजारात मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, काही मुलांना तर हातपाय लुळे न पडताच बारीक स्ट्रोक होऊन जातात, ते एमआरआयशिवाय कळत नाहीत आणि फटका बसतो लक्ष, आठवण, कामाचा वेग यांना. त्यात अ‍ॅनिमिया, दुखणं, बुडलेली शाळा. तीव्र सिकलसेल असलेल्या मुलांची २ ते १६ वयात दरवर्षी डोक्याची डॉप्लर तपासणी (मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या रक्ताचा वेग बघून स्ट्रोकचा धोका सांगणारी सोनोग्राफी) व्हायला पाहिजे, दुखण्याचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या खंड न पडता मिळायला पाहिजेत आणि अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मानसतज्ज्ञांनी एकदा तरी तपासायलाच हवं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, मग परीक्षेत जादा वेळ मिळवायला आईबापांनी मजुरी बुडवून का हिंडायचं? २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशनमध्ये हे सगळं जिल्हा रुग्णालयातच मिळावं, एवढी मागणी छापाच.

– एक शिक्षिका, जि. गडचिरोली