द्वारकेच्या सिग्नलवरचं बोलणं

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

द्वारकेला गाडी अडकली तेव्हा मी ते बोलायला नको होतं. ‘पोरांच्या अंगात व्हायरस सोडायचा धंदा’ असं तोंडातून गेलं, आणि नाशिकरोड येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत बसलीस. गाडी सुटताना हात केलास तोही आईला.

तुझं काम मला अगदीच कळत नाही असं नाही. गेल्या दिवाळीत ओट्यावर बसून सांगितलं होतंस. जीन पेशीत पोचवायला तुम्ही वापरता त्या व्हायरसमध्ये, एएव्हीत, जीनची साधारण ४७०० अक्षरं मावतात; आणि हिमोफिलियात बिघडतो तो, रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठचा जीन ७००० चा. ‘नाना, पाच किलोच्या खोक्यात सात किलो माल!’ मग मधला नको असलेला तुकडा काढून तो बसवला. छाटणीच की ती. बाळूकाकाला मी हे तीनदा सांगितलं. त्याला ओ की ठो कळलं नाही, पण माझी छाती फुगली.

काल रात्री झोप लागली नाही म्हणून तू नाव घेतलेल्या त्या जेसी गेल्सिंगरचं वाचलं. १८ वर्षांचा पोरगा, गोळ्या आणि पथ्यावर बरा चाललेला. जीन थेरपीच्या चाचणीत १३ सप्टेंबर १९९९ ला व्हायरस दिला, १७ ला गेला. तो ॲडिनोव्हायरस, तुझा एएव्ही निराळा, हे मला पाठ झालंय. पण डोस फार वाढवला तर तुझाही यकृतावर येतो, हे तूच म्हणालीस. शिवाय एकदा दिला की अंगात अँटिबॉडी होतात, दुसऱ्यांदा देता येत नाही. म्हणजे चुकलं तर पुढच्या हंगामाची आशा नाही.

खालच्या प्लॉटला मी जीएचा, द्राक्षाच्या वाढीच्या संजीवकाचा, डोस चुकवला होता, आठवतं? पुडी मोजून अल्कोहोलमध्ये विरघळवली, पाणी मात्र टाकीच्या जुन्या खुणेवर धरलं. चार दिवसांनी घडांचे देठ काडीसारखे ताठ, हात लावला की मणी खाली. तू चौथीत होतीस, ते मणी फ्रॉकमध्ये गोळा करत होतीस. मी बांधावर बसून होतो. द्राक्षं होती ती, गेली. तुझ्या हातून असं काही झालं तर तू कुठे बसशील, एवढंच मनात येतं.

बघ, पुन्हा तेच. माझं ऐकू नकोस. तुमच्याकडे उंदरांवर बघतात, मग माकडांवर, दहा जण तपासतात. माझ्यासारखी टाकीची खूण नसते. तरी मोजमाप दोनदा बघत जा. आणि आपल्या पिंटूला हिमोफिलिया आहे, त्याच्यासाठी म्हणून घाई करू नको. दिनूमामाच्या वेळी फॅक्टरच मिळत नव्हतं, आज मिळतं. पिंटू थांबू शकतो. हे मी म्हणतोय, तो म्हणत नाही. वेल्लोरला पाच जणांना जीन थेरपी दिल्याची बातमी त्याने मोबाइलमध्ये जपून ठेवली आहे. मधूनच उघडून बघतो, मी आलो की बंद करतो.

परवा त्याचा डावा गुडघा पुन्हा सुजला होता. तुला सांगू नको म्हणाला, म्हणून तू असताना बोललो नाही. आता उतार आहे.

गोडी छाटणी सोमवारपासून. मजूर पेठकडचेच आहेत. लोणच्याची बरणी तू इथेच विसरलीस, आई माझ्यावरच चिडली आहे. पोचल्याचा फोन तिला कर. मला केलास तरी चालेल.

तुझे,
नाना