टी ट्री तेलाचे प्रमाण टक्क्यांत छापा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

‘टी ट्री तेलाचे दोन-चार थेंब खोबरेल तेलात घालून रात्री मुरुमांवर लावा’ हा सल्ला हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सर्रास छापून येतो. टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून काढलेल्या या सुगंधी तेलात गुण आहे, पण सल्ला ज्या रूपात छापला जातो त्या रूपात तो मुरुम वाढवतो किंवा चेहरा भाजतो.

आधी खोबरेल तेल. मुरुमांशी संबंधित जिवाणू, क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस, रोमकूपाच्या आत, जिथे हवा कमी आणि तेलकटपणा भरपूर तिथे राहतो. त्वचेतल्या तेलावरच तो जगतो. खोबरेल तेलाने रोमकूप बुजतात, म्हणजे त्याला हवी तशी जागा आपण स्वतःच तयार करून देतो. डोक्याला रोज चापून तेल लावणाऱ्यांच्या कपाळावर, अगदी केसांच्या कडेने बारीक पुरळ उठते, ते याच कारणाने. तेलातच मिसळायचे असेल तर सहसा रोमकूप न बुजवणारे स्क्वालेन (squalane) किंवा जोजोबा तेल घ्यावे.

कोरफडीचा गरही बरेच जण सुचवतात. तो पाणचट असतो, त्यात सुगंधी तेल विरघळत नाही. कितीही ढवळा, बारीक गोळ्या तशाच तरंगत राहतात आणि बोटाला नेमकी त्यातली एक लागली की तेवढ्या जागी शुद्ध तेल बसते. दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टा दिसतो. आपल्या सावळ्या त्वचेवर अशा चट्ट्याचा काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही, मूळ मुरुम मात्र आठवड्यात बसला असता.

आता प्रमाण. ‘थेंब’ हे मापच नाही. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, पण सुगंधी तेलाचे तेवढ्याच मापाला २५ ते ३५ थेंब भरतात, आणि बाटलीचे तोंड बदलले की तोही आकडा बदलतो. माणसांवर ज्याची चाचणी झाली ते प्रमाण ५ टक्के आहे. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर ५ टक्के टी ट्री तेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचे नेहमीचे औषध यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरुम कमी झाले. तेलाचा गुण उशिरा आला, पण त्रास कमी झाला. २००७ साली इराणमधल्या ६० रुग्णांच्या चाचणीतही ५ टक्के जेल ४५ दिवस लावल्यावर नुसत्या जेलपेक्षा सरस ठरले. घरच्या मापात सांगायचे तर ५ टक्के म्हणजे ९.५ मिलि स्क्वालेनमध्ये ०.५ मिलि तेल. सुईशिवायच्या १ मिलि सिरिंजने ते अचूक मोजता येते. नाजूक त्वचेने २ टक्क्यांपासून, म्हणजे ९.८ मिलिमध्ये ०.२ मिलिपासून सुरुवात करावी. ज्यावर टक्केवारी छापली आहे असे तयार जेल मिळाले तर तेच उत्तम.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला तेच मिश्रण दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावे. एका रात्रीची चाचणी पुरत नाही, कारण ॲलर्जीची खाज-लाली पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी उठते. मग चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा करून, पातळ थर द्यावा, २० मिनिटांनी धुवावा, डोळे-ओठ टाळावेत. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. चौथ्या दिवशी गुण नाही म्हणून प्रमाण दुप्पट करणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

बाटली कधी उघडली हे कुणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. हवा आणि उजेड लागला की हे तेल खराब होते. त्यात पेरॉक्साइड, ॲस्कॅरिडोल यांसारखी द्रव्ये तयार होतात आणि ॲलर्जी मुख्यतः त्यांचीच येते. ताज्या तेलाने काही न झालेल्याला जुन्या तेलाने पुरळ येते ते म्हणून. तपकिरी काचेची लहान बाटली घ्यावी, झाकणावर उघडल्याची तारीख लिहावी, वर्षाच्या आत संपवावी. रबरी फुग्याचा ड्रॉपर बाटलीतच ठेवू नये, तेलाने रबर मऊ पडते. लेबलवर ‘मेलालुका अल्टर्निफोलिया’ हे वनस्पतीचे नाव हवे. चहाच्या झाडाशी याचा काही संबंध नाही. आयएसओ ४७३० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यात टर्पिनेन-४-ओल हा जिवाणू मारणारा मुख्य घटक किमान ३५ टक्के आणि सिनिओल फार तर १० टक्के असावे. निलगिरी तेल बहुतांशी सिनिओलच असते, म्हणून ‘घरात निलगिरी आहे, तीच लावते’ हे चालत नाही.

दालचिनी आणि लवंग यांची तेले काचेच्या ताटलीत जिवाणू झपाट्याने मारतात, म्हणून त्यांचीही शिफारस होते. त्या ताटलीवर फार विसंबू नये. तेलात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती जिवाणू न वाढलेले कडे दिसते खरे, पण पाण्यात न मिसळणारे तेल आगारमध्ये, म्हणजे ताटलीतल्या जेलीसारख्या थरात, नीट पसरत नाही, शिवाय ३७ अंशांवर ते उडून शेजारच्या चकतीवरही जाते. दोन तेलांच्या कड्यांची रुंदी मोजून श्रेष्ठ कोण ते ठरत नाही. चेहऱ्यावर दालचिनी आणि लवंग आग करतात. दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. खानदेशातल्या रोशा गवताचे तेल, ज्यात गुलाबाचा वास देणारे जिरॅनिऑल असते, जिवाणूंवर चालते, पण मुरुमांसाठी टी ट्रीइतका पुरावा त्याच्यामागे नाही.

टी ट्री हलक्या मुरुमांपुरतेच. ते रोमकूपातले बूच काढत नाही, त्यासाठी ॲडापलीनसारखे औषध लागते. दुखऱ्या गाठी, खड्डे पडणारे मुरुम असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे.

आपल्या पुरवणीत यापुढे असा सल्ला छापताना टक्केवारी, कशात मिसळायचे आणि किती वेळ ठेवायचे, एवढे तरी द्यावे. सोबत एक ओळ हवीच: हे तेल पोटात घेण्याचे नाही, मुलांच्या हाती लागू देऊ नये. एखाद्या मुलाने ते प्यायलेच तर उलटी करवू नये, कारण तेल श्वासनलिकेत उतरू शकते. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक अध्यापक