टाकी किती लिटरची, ते आधी विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की ‘चार बेडरूम, वीस माणसे, खासगी स्विमिंग पूल’ अशा जाहिरातींना पूर येतो. अलिबागजवळच्या नागाव, आक्षी, किहीमपासून दापोलीच्या मुरूड, कर्दे, लाडघरपर्यंत चार-पाच कुटुंबे मिळून गावातले घर भाड्याने घेण्याची पद्धत आता रुळली आहे. फोटो बघायचे, भाड्याला माणसांनी भागायचे आणि आगाऊ रक्कम पाठवायची. ‘वीस माणसे’ म्हणजे चार पलंगांवर आठ आणि उरलेली बारा हॉलमध्ये गाद्यांवर, हे तिथे पोहोचल्यावर कळते. गाद्या शेजारच्या घरातूनही आणता येतात. पाणी, संडास आणि वीज तशी आणता येत नाही, आणि सहल बिघडते ती तिथेच.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. सोळा माणसे धरू. समुद्रावरून आल्यावर अंगाची वाळू-खार काढायला एक आंघोळ, सकाळची एक, मिळून माणशी ८० लिटर. संडासाच्या फ्लशचे ५०, स्वयंपाक-भांड्यांचे २०. म्हणजे माणशी दीडशे, सोळा जणांचे दिवसाला २४०० लिटर. गच्चीवर टाकी असते बहुधा हजार लिटरची. ती दिवसातून तीनदा भरायला हवी, आणि अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप एका वेळेला पाऊण ते एक तास घेतो. वीज गेली की पंप बंद. घरातल्या इन्व्हर्टरवर तो चालत नाही, कारण सुरू होताना मोटर एकदम जास्त वीज ओढते. म्हणून ‘पाणी चोवीस तास आहे’ या उत्तरावर थांबू नये. टाकी किती लिटरची, खाली साठवण टाकी आहे का, पाणी विहिरीचे, नळाचे की टँकरचे आणि वीज गेल्यावर पंप कशावर चालतो, हे चार प्रश्न विचारावेत. मे महिन्यात पाचवाही विचारावा: पाणी गोड आहे ना? किनाऱ्यालगतच्या उथळ विहिरींत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खालचे खारे वर चढते, मग साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही.

वरच्या मजल्यावरच्या खोल्या फोटोत छान दिसतात. पण गच्चीवरच्या टाकीचा तळ आणि तिथला शॉवर यांत जेमतेम तीन-चार फुटांचे अंतर असते. पाण्याला जोर कुठून येणार? बादली-तांब्या आहे ना, एवढे बघून घ्यावे. बाहेर अंगणात पाय धुवायला नळ असणेही महत्त्वाचे. तो नसला की सगळी वाळू न्हाणीघराच्या जाळीत जाऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी पाणी तुंबते.

संडास दोनच असतील तर सोळा जणांना दहा-दहा मिनिटे धरली तरी सकाळची ८० मिनिटे गेली. चार असतील तर ४०. निदान पाच माणसांमागे एक तरी असावा. ज्येष्ठांची खोली तळमजल्यावर, संडास तिला लागून आणि कमोडचा. गुडघेदुखीच्या माणसाला रात्री जिना उतरायला लावू नये. पण संख्येपेक्षा मोठा घोटाळा जमिनीखाली असतो. भारतीय मानकाप्रमाणे पाच जणांच्या सेप्टिक टाकीत सुमारे ११०० लिटरची जागा लागते, वीस जणांच्या टाकीत सुमारे ३३०० लिटरची. कुटुंबासाठी बांधलेले घर पुढे भाड्याने द्यायला काढले, वर मजला चढवला, टाकी मात्र जुनीच राहिली, असे सर्रास आढळते. सोळा-वीस माणसांच्या पाण्याने त्या टाकीतला गाळ खाली बसायच्या आत, टाकीतले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात ढकलला जातो, खड्ड्याची माती बुजते आणि मग संडासाच्या भांड्यातले पाणी गुडगुडत हळूहळू उतरू लागते. पावसाळ्यात तर जमीनच पाण्याने भरलेली; शोषखड्डा पाणी घेतच नाही. टाकी शेवटची कधी उपसली, हा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नये.

आता वीज. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट खातो. चार खोल्यांचे सहा, दोन गीझरचे आणखी चार, असे दहा किलोवॅट झाले. २३० व्होल्टवर हे ४० अँपिअरच्या वर जाते. घराला सिंगल फेज जोडणी असेल आणि मुख्य स्विच ३२ अँपिअरचा असेल तर तो पडणारच; त्यात मालकाचा आळस नाही की महावितरणचा दोष नाही. थ्री फेज, म्हणजे भार तीन तारांत वाटणारी जोडणी, आहे का ते विचारावे, नसेल तर गीझर सकाळी आणि एसी रात्री अशी वाटणी आपणच करून घ्यावी. सगळी वाडी पाहुण्यांनी भरलेली असते त्या संध्याकाळी विजेचा दाबही उतरतो आणि स्टॅबिलायझर नसलेला एसी नुसता वारा घालत बसतो. ‘बॅकअप आहे’ म्हणजे बहुतेक ठिकाणी १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी. तिच्यावर सहा पंखे आणि चार-पाच दिवे दोन-अडीच तास चालतात, तेही बॅटरी नवी असेल तर. गरम पाण्यासाठी अंगणात बंब पेटवून देणारे घर मिळाले तर मी ते डोळे झाकून निवडीन.

पूलबद्दल थोडक्यात. तळाच्या फरश्या स्पष्ट दिसत नसतील तर मुलांना उतरवू नये. कडेला कठडा, तळाच्या जाळीचे झाकण घट्ट आणि काठावर एक न पिणारा मोठा माणूस, या तिन्ही गोष्टी हव्यात.

गाडीचा विचार पुष्कळदा राहून जातो. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर करून निघालेल्या मंडळींना वाडीतल्या वाटेवर दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती) भेटतात आणि शेवटचा अर्धा किलोमीटर सामान डोक्यावर येते. गाडी दारात येते का, वळते कुठे, आणि चालकाच्या झोपण्या-जेवणाची सोय काय, हे ठरवूनच निघावे. रात्रभर गाडीतच बसवलेला चालक दुसऱ्या दिवशी घाटात आपल्याला घेऊन जाणार असतो.

स्वयंपाक स्वतः करणार असाल तर शेगड्या मोजा. सोळा माणसांच्या चौसष्ट पोळ्या एका तव्यावर तासाहून जास्त वेळ खातात. म्हणून भात जास्त, पोळ्या कमी. गावातल्या ताईंकडून जेवण घेणार असाल तर आकडा आदल्या रात्रीच कळवा, मासळी सकाळीच घ्यावी लागते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा पापलेटचा हट्ट धरू नये. कोणाची संकष्टी, कोणाचा गुरुवार, कोण कायमचे शाकाहारी, तेही आधी सांगावे, म्हणजे भांडी वेगळी ठेवता येतात. आणि एक विनंती: सोळा जणांच्या नाश्त्याला घावने मागू नका. बिचाऱ्या बाईला एकेक काढत दुपार होते. दीड किलो पोहे भिजवले की सगळ्यांचे एकदम भागते.

पैसे पाठवण्याआधी मालकाला व्हिडिओ कॉल लावायला सांगावा आणि फाटकापासून टाकीपर्यंत चालत घर दाखवायला लावावे. दुसऱ्याचे फोटो उचलून जाहिरात करणारे इथेच अडखळतात. वीजबिलावरचे नाव आणि बँक खात्याचे नाव जुळते का पाहावे. न जुळले तर कारण विचारावे. जीएसटी, जादा गादी, साफसफाई, अनामत कधी परत, हे सगळे एका संदेशात लिहून घ्यावे. भाडे डोक्यावर न वाटता खोलीवर वाटावे. हॉलमध्ये झोपणाऱ्याने एसी खोलीइतके का द्यावे?

फुरसे हा कोकणातला नेहमीचा साप. रात्री अंगणात विजेरी, पायात चप्पल, आणि सर्पदंशावरचे इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते याची चौकशी. १०८ क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये.

घरमालकांनाही एक सुचवावेसे वाटते. पूलच्या फोटोखाली एक ओळ छापा: टाकी इतक्या लिटरची, पाणी अमुक ठिकाणचे, संडास इतके, पलंग इतके, गाद्या इतक्या, जोडणी सिंगल की थ्री फेज. ज्याची टाकी मोठी आहे त्याला यात अडचण येऊ नये.

– एक वाचक, नागाव (ता. अलिबाग)