सहलीत चित्र काढायलाही वेळ द्या

महोदय,

शाळेच्या सहलीत सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय पाहिलं. औंध संस्थानचे राजे आणि स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये ते उभारलं. चित्रकलेच्या बाईंनी आम्हाला राजा रविवर्मांच्या मूळ तैलचित्रासमोर फरशीवर बसवलं आणि म्हणाल्या, "फक्त साडीच्या निऱ्या काढा." सोपं वाटलं होतं! पेन्सिल टेकवल्यावर दिसलं, की प्रत्येक निरीची सावली वेगळी, आणि जरीचा काठ म्हणजे नुसते पिवळे-तपकिरी ठिपके. कॅलेंडरवर छापलेल्या त्यांच्या चित्रांत हे कधी दिसलं नव्हतं. शेजारून दुसऱ्या शाळेची रांग मात्र "चला, चला" करत पुढे गेली. शाळांनी दालनं कमी दाखवावीत, पण वही-पेन्सिल घेऊन निदान अर्धा तास बसू द्यावं.

– नववीतील एक विद्यार्थिनी, सातारा