पहाटेचा एक तास द्या, माळ घेऊन जा

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

नरकचतुर्दशीला आमच्या गल्लीत साडेचारलाच पहिला बार उडतो. कोणाच्या दारात आधी वाजला, याची पैज असते. उटणं लावून, आंघोळ उरकून, कारीट पायाखाली फोडून पोरं ओल्या केसांनी खाली पळतात. मीही पळालोय. आता त्याच वेळी मागच्या खोलीत वडील अंथरुणात उठून बसलेले असतात आणि आई खिडकीच्या फटीत ओला पंचा कोंबत असते. वडिलांना दमा आहे.

कायद्याने बघितलं तर ती सगळी पोरं चुकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली. लक्ष्मीपूजनाला ती चालून जाते, पण आपली पहिली आंघोळ पहाटेची. तामिळनाडूचंही तसंच. तिथलं सरकार लगेच न्यायालयात गेलं. आठवडाभरातच वेळ बदलायची मुभा मिळाली, फक्त एकूण दोन तासच. तिथे सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी ७ ते ८ असं ठरलं. आपल्याकडे २०२३ मध्ये मुंबईच्या हवेवरून उच्च न्यायालयाने पुन्हा रात्री ८ ते १० च सांगितलं.

साहेब, तुम्हीही जा आणि पहाटेचा तास मागून आणा. सहाच्या आधीचा नको. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना २००५ पासूनच मनाई आहे. वडील म्हणाले, "सहा म्हणजे सहा असेल तर मी आधीच पंप घेऊन बसेन. साडेचारला दचकून जाग येते, त्याचं काय?"

बदल्यात फटाक्यांची माळ घेऊन जा. २०१८ च्याच आदेशात माळ बनवणं, विकणं, लावणं, तिन्हींवर बंदी आहे. तरी हजाराची लाल माळ स्टॉलवर उघड टांगलेली असते, आणि "ग्रीन, म्हणजे कमी प्रदूषणाची आहे का?" विचारलं की दुकानदार खोक्यावरचा हिरवा कागद दाखवतो. पोराच्या हातातली उदबत्ती हिसकावण्यापेक्षा पोलिसांनी ती माळ खाली उतरवावी.

अर्थात सगळ्यात लांब माळा दिवाळीत लागतच नाहीत. त्या निवडणुकीच्या निकालादिवशी पक्ष कार्यालयांसमोर लागतात, नाहीतर मंत्र्यांच्या स्वागताला. पुढच्या दौऱ्यात कार्यकर्ते रस्त्यावर माळ पसरू लागले, तर ती गुंडाळेपर्यंत गाडीतून उतरू नका.

आपला,
साडेचारला जागा होणारा एक मतदार