अजिंठ्याची चित्रे उतरवणाऱ्यांचीही ओळख हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अजिंठ्याला जाणारा प्रत्येक जण पद्मपाणी बोधिसत्त्वाचे भित्तिचित्र पाहतो. पण ती रेषा कॅनव्हासवर उतरवण्यात आयुष्य वेचणाऱ्या मेजर रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकारी-चित्रकाराविषयी फारसे बोलले जात नाही. १८४४ मध्ये या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाल्यावर त्यांनी अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षे काम करून मोठमोठ्या तैलप्रतिकृती केल्या, त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या आणि तरीही उतारवयात हा माणूस पुन्हा तीच चित्रे रेखाटायला बसला. या निष्ठेपुढे माझ्यासारखा कलाशिक्षक नतमस्तक होतो. १८७९ मध्ये ते वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

पुढे ब्रिटिश चित्रकार-शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी, त्यांतही पेस्तनजी बोमनजी यांनी, हे काम नेटाने चालवले. आज जिथे मातीचा गिलावा रंगासकट गळून पडला आहे, तिथे मुकुटातील एखादे फूल किंवा बोटांची मुद्रा कशी होती, हे जुन्या प्रतिकृतींवरूनच ताडावे लागते. शालेय सहलींत आणि चित्रकलेच्या तासाला या चित्रकारांची माहिती आवर्जून दिली जावी, अशी शिक्षण विभागाला विनंती आहे.

आपला,
एक कलाशिक्षक, जळगाव